दारावरची साडेपाच पानं

मी आयुष्यात एकदाच मुद्दाम काम अर्धवट सोडलं, आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बाकी सगळं पुरं केलं, ओळंब्यात केलं, आणि ते कोणाच्या लक्षात नाही.

धंदा माझा पाथरवटाचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर दयाळू होते म्हणून. सतरा वर्षं अमिरातीत दगडाचं काम केलं. बायको शेवंती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटल्यावर लगेच हो म्हटलं. रडगाणं लिहिणार नाही. ती असती तर म्हणाली असती, लोक सणाला अंक वाचतात, तुमचं तोंड बघायला नाही.

तिकडे दगडाचं काम असतं का, असं लोक विचारतात. असतं. काचेच्या इमारती बांधून झाल्या की माणसाला दगड आठवतो. कोणाला फाटकाचे खांब हवे असतात, कोणाला कारंजं. अबूधाबीला खलिफा सिटीत एका व्हिलाच्या फाटकावर मी ससाणा कोरला होता. त्या लोकांना ससाणा फार प्यारा. मालक खूश झाला, मला खजूर दिले. मग त्याची म्हातारी आई गाडीतून उतरली, वर बघितलं आणि अरबीत काहीतरी बोलली. मालक पोट धरून हसायला लागला. मी ड्रायव्हरला विचारलं, काय म्हणाली? ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा पूछती है, मुर्गी क्यों बिठाई?" मी त्या ससाण्याची मान तीनदा बारीक केली. शेवटी म्हातारीने मान डोलावली तेव्हा मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं.

पण सांगायची गोष्ट ती नाही. ही त्याच्या आधीची, नव्वदीतली.

आम्ही तेव्हा अजमानला एका खोलीत आठ जण राहत होतो. माझ्या वरच्या पलंगावर रफिक, खेडचा. तो चिरे लावायचा, मी घडवायचो. फोरमन थॉमस, केरळचा. माणूस चांगला, पण कामावर तोंडाचा पट्टा सुटायचा. तिथून बसने पाऊण तासावर, शेखसाहेबांनी दिलेल्या जागेवर एक चर्च उभं राहत होतं. चर्च म्हणजे काय, सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती, वर स्लॅब, आत एसी. घंटा नाही, बाहेरून क्रूस नाही. दगडाचं काम फक्त एका दाराचं, आणि ते दार माझ्याकडे.

ते दार कॉलिन साहेबांचं. साहेब इंग्रज, वय सत्तरीचं. तीस वर्षं तिकडच्या वाळवंटात जमिनीची मोजणी केलेला, आता मुलाकडे राहायचा. कायम खिशात टेप, म्हणून आम्ही त्याला मोजपट्टी साहेब म्हणायचो. विलायतेत त्याच्या बायकोच्या गावात आठशे वर्षांपूर्वीचं चर्च होतं. ह्या दोघांनी जवानीत प्रत्येक रजेला जाऊन त्याचं मोजमाप घेतलं होतं. दगड न् दगड कागदावर. आता बाईंची नजर गेली होती, आणि हृदयाचं दुखणं असल्यामुळे डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं. गावाला जाणं संपलं. म्हणून साहेबाने चर्चच्या कमिटीला सांगितलं, बांधकामाला मी देणगी देतो, पण दार आमच्या गावचं करा. बाईंना हात लावून ओळखता आलं पाहिजे.

साहेबाने प्लायवूडवर कागद पसरले आणि त्या चर्चची सगळी कुंडली सांगितली. तो बोलायचा, थॉमस हिंदीत सांगायचा. मला वाटलं होतं, कोणा राजाने एका दमात बांधलं असेल. तसं काही नाही. आपल्या गावच्या देवळासारखंच. आधी लहान गाभारा आणि पुढे मंडप, कमानी गोल, भिंती जाड, खिडक्या माणसाचं डोकं मावेल एवढ्या. मग लोकरीचा व्यापार वाढला, गावात पैसा आला, तशी एक बाजू पाडून मंडप रुंद केला. तोवर टोकदार कमानींची पद्धत आली होती. त्यामुळे डावीकडचे खांब गोल आणि उजवीकडचे आठपैलू. मध्ये शंभर वर्षं गेलेली. पुढे नातवंडांनी मनोरा चढवला. गाभारा तर मंडपाच्या सुतात नाहीच, जरा डावीकडे वळलेला.

मी रफिकला म्हटलं, "आठशे वर्षांत एकालाही सूत धरता आलं नाही."

रफिक म्हणाला, "तू नव्हतास ना."

दार दक्षिणेला. आपल्याकडे दक्षिणेला दार कोणी ठेवणार नाही. साहेब म्हणाला, आमच्याकडे ऊन त्या बाजूने येतं, आणि ऊन मिळणं हेच मोठं. पूर्वी लग्नंसुद्धा त्या दारातच लागायची, मग जोडपं आत जायचं. मला ते आवडलं. पाऊस आला तर भटजी भिजत नाही.

मग साहेब बाईंना घेऊन महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकला, आणि कागद माझ्याकडे राहिले.

आता माझी चूक सांगतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा दगडांचे खांब, त्यांच्यावर वेल चढलेली. एका दगडावर दोन पानं, म्हणजे एका बाजूला बारा. कागदावर डावीकडची वेल पुरी होती. उजवीकडे खालून पाच पानं, सहावं अर्धं, आणि वर कोरा दगड. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवाले असंच करतात. एका बाजूची नक्षी पुरी काढायची, दुसऱ्या बाजूला थोडी काढून सोडून द्यायची. कारागिराने समजून घ्यायचं की ही बाजूही तशीच. मी समजून घेतलं. डावीकडची वेल फिरवून उजवीकडे उतरवली आणि बाराच्या बारा पानं कोरली.

पायरीच्या रेघेला कागदावर पोट आलेलं होतं. मी म्हटलं, कागद भिजला असेल. पायरी आरशासारखी सपाट केली.

दगड जैसलमेरचा पिवळा. साहेबाने तो निवडला, कारण त्यांच्या गावचा दगड मधाच्या रंगाचा. आमचा कोकणातला जांभा नुसता कापायचा असतो, काळा दगड हाताला खातो. हा पिवळा टाकीखाली लोण्यासारखा. टाकी म्हणजे आमची छिन्नी. मी त्या पानांच्या शिरासुद्धा काढल्या. खांब उभे राहिले, कमान अजून चढायची होती. थॉमस चारी बाजूंनी फिरला आणि पहिल्यांदा शिवी न देता म्हणाला, "सुपर."

त्याच आठवड्यात शेवंतीची कॅसेट आली. तेव्हा फोन महाग, म्हणून आमच्या गावचे लोक बोलणं भरून कॅसेट पाठवायचे. आठ जणांत एक टेपरेकॉर्डर, त्यामुळे प्रत्येकाची बायको सगळ्यांनी ऐकायची. शेवंती आमच्या काजूच्या बागेला एकटीने गडगा घालत होती. गडगा म्हणजे डबराचा बांध, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. मी परदेशी, मजूर मिळत नाही, म्हणून ती दर हिवाळ्यात दहा-पंधरा पावलं स्वतः रचायची. रजेवर गेलो की मी तिला चिडवायचो, हा गडगा की साप? झाड आलं की वळायचा, खडक आला की चढायचा. कॅसेटमध्ये तिने सुनावलं, "औंदा फणसापर्यंत इलो गडगो. हसा नको. तुमचो वळंबो थंय दुबयत, हंय माजो हात."

रफिक वरून म्हणाला, "वहिनींनी तुझ्या तोंडावर दगड ठेवला."

दोन दिवसांनी साहेब बाईंना घेऊन आला. मार्गारेट बाई उंच, काटक, हातात काठी. तीस वर्षं भाजीवाल्यांशी आणि ड्रायव्हरांशी बोलून मोडकं हिंदी शिकलेल्या. आम्ही टोप्या काढून उभे राहिलो. मी तर शाबासकी घ्यायला दोन पावलं पुढेच.

बाईंनी आधी पायाने पायरी चाचपली. कपाळाला आठी पडली. मग उजव्या खांबाला हात लावला आणि बोटं खालून वर न्यायला लागल्या. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पानावर बोट थांबलं. त्याच्यावर परत खाली-वर फिरलं. मग सातवं. आठवं. मग हात खाली आला.

साहेबाला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, हळू. साहेबाने दाराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"कौन बनाया?" बाईंनी विचारलं.

"मैंने, मॅडम."

"अच्छा हाथ है. बहुत अच्छा." मग म्हणाल्या, "लेकिन वो आदमी तो मर गया था."

मला कळेना. मी म्हटलं, "कौन मर गया, मॅडम?"

मग त्यांनी सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं थॉमसच्या तोंडून. ते दार होत असताना तिकडे महामारी आली. गावंच्या गावं ओस पडली. पाथरवट सहाव्या पानावर होता. टाकी खाली ठेवून गेला तो परत आला नाही. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. बरीच वर्षं दार तसंच उभं राहिलं. मग दुसरे लोक आले, त्यांनी वरचे दगड लावून कमान पुरी केली. पण त्याच्या पानाला त्यांनी हात लावला नाही. त्यांचं काम साधं होतं, त्यांनी साधंच केलं. बाईंच्या वडिलांकडे त्या चर्चची किल्ली असायची. गावात मूल चालायला लागलं की ते त्याला दारात उचलून धरायचे, त्याचा हात त्या अर्ध्या पानावर ठेवायचे आणि सांगायचे, इथे तो थांबला, इथून आपण.

"सब बच्चा को," बाई म्हणाल्या. "मेरे को भी."

मी जमिनीकडे बघत होतो. दुसऱ्याने मरून सोडलेलं काम मी शहाणपणाने पुरं करून टाकलं होतं.

साहेब सोबत आलेल्या कमिटीच्या माणसांना म्हणाला, असू दे, सुंदर झालंय, राहू द्या. बाई वळल्या. काठी टेकत गाडीकडे गेल्या आणि जाताना पायरीवर ठेच लागली, कारण पाय सवयीने गावच्या पायरीची झिजलेली खोलगट जागा शोधत होता.

गाडी गेल्यावर थॉमसचा पट्टा सुटला. "तेरे को इंजिनिअर किसने बनाया? ड्रॉइंग में जो है वो बनाने का! अठारह दिन में ओपनिंग है. बिशप आ रहा है. पत्थर नहीं है, जहाज को दो महीना लगेगा!"

मी म्हटलं, "नया पत्थर नहीं मंगता. येही पत्थर उलटा करेगा."

दगडाला पुढे तोंड असतं तसं पाठीलाही असतं. कमान चढलेली नव्हती म्हणून वाचलो. खालचे दोन दगड, चार पानांचे, तसेच राहिले. वरचे चार उतरवले आणि पाठ पुढे करून घडवायला घेतले. वरचे तीन साधे, ते दोन दिवसांत झाले. प्रश्न तिसऱ्या दगडाचा. त्याच्यावर पाचवं पान पुरं आणि सहावं अर्धं. ह्या दगडाचं एक तोंड मी आधीच वापरलेलं. दुसरं बिघडलं की दार गेलं आणि बाईंचा हात पुन्हा कशालाच लागणार नव्हता.

अर्धं पान कोरणं सोपं वाटतं ना? मी तुकड्यांवर चार वेळा करून बघितलं. चारही खोटी. पहिलं बघून रफिक म्हणाला, "हे पान लाजतंय." दुसरं बघून म्हणाला, "ह्याला कोणी तरी चावलंय." खरं होतं. आपण अर्धं करायचं ठरवून बसलो की हात शेवटाकडे सावकाश होतो. कड गोल होते. नीटनेटकं अर्धं होतं. तो मेलेला पाथरवट काही नीटनेटका थांबला नव्हता. त्याला उद्या परत यायचं होतं.

रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही, झोप लागली. सकाळी बसमध्ये सुचलं. मी रफिकला म्हटलं, "मी सहावं पान पुरं करायला बसतो. खरोखर पुरं करायला. तू कागद घेऊन माझ्या पाठीमागे उभा राहा. कागदावर आहे तिथवर आलो की ओरड. मला आधी कळू द्यायचं नाही."

"आणि तू थांबला नाहीस तर?"

"हातावर मार."

पाचवं पान झालं. सहाव्याची रेघ मारली, पुऱ्या पानाची. कोरायला लागलो. पहिली बाजू आली, मधली शीर आली. मला खरंच विसरायला झालं की हे सोडायचं आहे. तेवढ्यात मागे पाण्याचा टँकर आला आणि रफिक त्या ड्रायव्हरशी बोलायला लागला. मागे वळून बघावं तर ठरवलेलं मोडतं, आणि न बघावं तर हा गप्पांत दगड घालवणार. टाकी पुढे चाललेली. हातोडा वर गेला आणि मागून रफिकची बोंब आली, "यल्ला, खलास!"

हातोडा वरच राहिला. टाकी मी वाळूत टाकली.

अजून एक घाव घातला असता तर ती कड सुंदर झाली असती. हात इतका शिवशिवत होता की मी तो मांडीखाली दाबून बसलो. रफिक पुढे येऊन बघतच राहिला. नेहमीसारखी थट्टा केली नाही. फक्त म्हणाला, "बिचारा."

कोणाला म्हणाला ते मी विचारलं नाही.

मग पायरी. साडेसहाशे वर्षांच्या पायांची झीज अठरा दिवसांत आणायची होती, त्यातले नऊ गेलेले. पायरी मध्यभागी झिजते असं लोकांना वाटतं. चूक. दार ज्या बाजूने उघडतं त्या बाजूला झिजते, कारण माणूस दार पुरतं उघडायची वाट बघत नाही. तेवढी खोलगट जागा मी टाकीने काढली, घासदगडाने घासली. तरी ती ताटासारखी दिसायला लागली. म्हणून जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि पायरीवर वाळू-पाणी टाकून पाय घासत चालायला लावलं. प्लंबर, पेंटर, पठाण क्रेनवाला, दोन बंगाली सुतार. एकजण तर चालता चालता गाणं म्हणायला लागला. थॉमस धावत आला.

"क्या है ये? परेड है क्या?"

रफिक म्हणाला, "फोरमन, ये चौदहवीं सदी चल रही है. तुम भी लाइन में आ जाओ."

थॉमसने आमच्याकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, बूट काढले आणि रांगेत आला. तो स्वतः ख्रिश्चन, त्याने चालताना छातीवर क्रूसही केला. चार दिवस हा कार्यक्रम चालला. खड्डा फार वाढला नाही, पण ताटाची कड गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब एकट्या बाईंनाच घेऊन आला. कमान चढलेली होती, खालचं आधाराचं लाकूड निघालेलं होतं. मी ह्या वेळी दोन पावलं मागे उभा.

बाईंनी पाय पुढे टाकला. तो खोलगट जागेत बरोबर बसला आणि त्या थोडं हसल्या. मग हात खांबावर. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्यावर बोट चढलं, मधल्या शिरेवर आलं आणि नुसत्या रेघेवर घसरलं. तिथेच राहिलं. वर कोरा दगड होता, तिकडे त्यांनी हात नेलाही नाही.

मग म्हणाल्या, "हां. यहाँ."

साहेबाने खिशातून टेप काढली, आणि काही न मोजता परत ठेवली. बाईंनी माझा हात मागितला. चाचपून बघितला, अंगठ्यावरचे घट्टे दाबले आणि विचारलं, "रोकना मुश्किल था?"

मी म्हटलं, "बहुत मुश्किल, मॅडम."

बाई पुढे चार वर्षं होत्या. दर शुक्रवारी, तिकडे प्रार्थना सुट्टीच्या दिवशी, त्या दारातून जाताना हात लावायच्या, असं थॉमस सांगायचा. माझी पुरी कोरलेली आठ पानं त्याच खांबात आहेत, पाठीकडे तोंड करून, अंधारात. आहेत तर आहेत. कोणाला त्रास नाही.

मी हा किस्सा रजेवर शेवंतीला सांगितला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वाकड्याचे पैशे मिळतत. मग माज्या गडग्याक कित्याक हसतास?"

त्यानंतर मी हसलो नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

कायमचा परत आलो तेव्हा तिला म्हटलं, आता राहिलेला गडगा मी घालतो. म्हणाली, हात लावायचा नाही, माझं माझं मी करीन. दोन वर्षांपूर्वी माघात, एका सकाळी ती बागेत गेली, पाच-सहा दगड ठेवले, दम लागला म्हणून घरी आली आणि दुपारी गेली. मागून कोणी ओरडलं नाही. तिचं घमेलं दगडांसकट गडग्याच्या टोकाशी तसंच होतं. तिथून विहिरीपर्यंत चौदा पावलं उघडी राहिली.

मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, बाबा, हे सगळं पाडू आणि चिऱ्याचं एकसारखं कंपाउंड घालू. मी त्याला सांगितलं, पाडायची भाषा केलीस तर तुलाच बाहेर काढीन. मग वाटलं, निदान राहिलेली चौदा पावलं तिच्यासारखीच वळणं घेत पुरी करावी, कोणाला कळणार नाही. दोन हात रचलंही. सापासारखं झालं, पण तिचं झालं नाही. लाजणारं पान. ते उतरवून टाकलं.

मग गेल्या हिवाळ्यात ओळंबा घेतला, दोरी बांधली आणि माझ्या हाताने घातला. घमेल्यातले तिचे दगड तिच्या टोकावर ठेवले, आणि तिथून पुढे विहिरीपर्यंत सरळ, चौदा पावलं. जोड उघडा दिसतो. लपवलेला नाही.

परवा शेजारचे बाबी त्या वाटेने जाताना थांबले. इकडून तिकडे बघितलं आणि ओरडले, "तात्यानू, ह्या काय? अर्धो गडगो वाकडो, अर्धो सरळ! दोन गवंडी लावलेलात काय?"

मी म्हटलं, "होय. दोनच."